दोन वर्षांचा बिशप आणि त्याची सुझाना

१५६६ साली जर्मनीतल्या हाल्बरश्टाटच्या कॅथेड्रलमधल्या कॅनन मंडळींनी, म्हणजे तिथला कारभार बघणाऱ्या पाद्र्यांनी, आपला नवा बिशप निवडला तेव्हा तो बिशप दोन वर्षांचा होता. दोन. त्याला नीट बोलता तरी येत असेल का हाच प्रश्न आहे, आणि त्याच्या नावावर एक अख्खं संस्थान, त्यातली गावं, जंगलं, कोर्टं, करवसुली, सगळं झालं. पोराचं नाव हाइनरिश युलियुस, ब्राउनश्वाइगच्या ड्यूक घराण्यातला, जन्म १५ ऑक्टोबर १५६४. पुढे हाच माणूस बापाच्या मागे वोल्फेनब्युटेलचा ड्यूक झाला, आणि मरेपर्यंत ड्यूक आणि बिशप दोन्ही राहिला.

आता एवढ्याशा पोराला बिशप का केलं, तर त्यात धर्माचा भाग कमी आणि हिशेबाचा जास्त होता. त्या काळात जर्मनीतला मोठा बिशप म्हणजे नुसता धर्मगुरू नाही, तो स्वतःच्या मुलखाचा राजाच. हाल्बरश्टाट कर्जात बुडालेलं होतं. बिशप लहान असेल तर त्याच्या दरबाराचा, शिकारीचा, पाहुण्यांचा खर्च नाही, तो मोठा होईपर्यंत कारभार कॅनन मंडळींच्या हातात आणि उत्पन्नातून कर्ज फिटणार. शेजारच्या ताकदवान ड्यूक घराण्याचं संरक्षण मिळणार ते वेगळंच. आजोबा हाइनरिश, धाकटे, हे कट्टर कॅथलिक, त्यांनाही नातू बिशप झालेला हवाच होता. म्हणजे सगळ्यांचं भागलं, त्या पोराला कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता.

मी ब्राउनश्वाइगला राहते, नोकरीनिमित्त. या भागात आपली मराठी माणसं बरीच आहेत, गाड्यांच्या धंद्यामुळे पुण्या-चाकणहून आलेली. वोल्फेनब्युटेल इथून लोकल ट्रेननं अगदी जवळ, त्यामुळे पाहुणे आले की त्यांना तिथे घेऊन जाणं ठरलेलं. लाकडी पट्ट्यांची जुनी घरं, राजवाडा, मोठी लायब्ररी, आणि मारियेनकिर्शं हे चर्च. त्या चर्चचं काम १६०८ मध्ये याच ड्यूकनं सुरू केलं आणि त्याच्या तळघरात तो पुरलेला आहे. त्याच चर्चमध्ये त्याचा संगीतकार मिशाएल प्रेटोरियसही आहे. सुरुवातीला मला तो फक्त चर्च बांधणारा, नाटकं लिहिणारा, गाण्याबजावण्याची आवड असलेला राजा वाटायचा आणि खरं सांगते मला आवडायचा. मग हळूहळू बाकीचं वाचत गेले. तेव्हापासून हा माणूस डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितेय.

बाप युलियुस हा वेगळाच गडी. त्याचा बाप कॅथलिक, हा लूथरन, म्हणजे मार्टिन लूथरच्या प्रोटेस्टंट पंथाचा, दोघांचं कधी पटलं नाही. १५६८ मध्ये गादीवर आल्याआल्या त्यानं आख्खा मुलूख लूथरन केला, त्यासाठी मार्टिन केमनित्ससारखा मोठा धर्मपंडित हाताशी घेतला. हार्त्सच्या डोंगरातल्या खाणींतून चांदी, शिसं, तांबं काढलं, पैसा साठवला, आणि १५७६ मध्ये हेल्मश्टेटला विद्यापीठ उघडलं. उद्घाटनाचा दिवस कुठला ठेवला, तर पोराचा वाढदिवस, १५ ऑक्टोबर. आणि पहिला रेक्टर तोच पोरगा, वय बारा. हे नाव नुसतं शोभेसाठी असलं तरी पोरगा खरंच हुशार होता, लॅटिन चांगलं, कायद्याची आवड तर जबरदस्त. पुढे ड्यूक झाल्यावर तो स्वतः कोर्टाच्या कामात लक्ष घालायचा, रोमन कायद्यातले बारकावे त्याला पाठ होते. ही कायद्याची आवड लक्षात ठेवा, पुढे ती फार महत्त्वाची आहे.

विद्यापीठ उघडल्यावर दोन वर्षांनी एक प्रकार झाला ज्यानं त्या काळचं अख्खं लूथरन जग हादरलं. बिशप म्हणून गादीवर बसायचं तर कॅथलिक विधी करायला हवेत असा पेच होता. १५५५ च्या आउग्सबुर्गच्या तहात कलमच होतं की कॅथलिक बिशप जर प्रोटेस्टंट झाला तर त्यानं पद सोडायचं. मग युलियुसनं काय करावं? नोव्हेंबर १५७८ मध्ये हाल्बरश्टाटजवळच्या हुइसबुर्ग मठात चौदा वर्षांच्या हाइनरिश युलियुसचे डोक्यावरचे केस कॅथलिक पद्धतीनं कापले, खालच्या पायरीची दीक्षा दिली, सोबत त्याच्या दोन धाकट्या भावांचेही केस कापले, आणि डिसेंबरात पोरगा कॅथेड्रलमध्ये बिशप म्हणून विराजमान. आणि हे करणारा बाप कोण, तर दहाच वर्षांपूर्वी अख्ख्या मुलखातून कॅथलिक विधी हद्दपार करणारा. केमनित्सनं त्याला तोंडावर सुनावलं, पोरांना परत त्याच जुन्या विधीच्या पायाशी नेऊन घातलंत म्हणून, आणि दोघांचं कायमचं तुटलं. पुढे इतर लूथरन मुलखांनी जो एकच एक धर्ममसुदा मान्य केला त्या वाटेनं हेल्मश्टेटचं विद्यापीठ गेलं नाही, त्याचं एक मूळ या केस कापण्यात आहे.

मला राहून राहून त्या चौदा वर्षांच्या मुलाचा विचार येतो. घरात रोज लूथरन प्रार्थना, शिक्षक लूथरन, आणि एक दिवस मठात नेऊन गुडघ्यावर बसवतात आणि ज्याला घरी थोतांड म्हणतात तेच करायला लावतात, कारण मुलूख हातचा जायला नको. यातून मूल काय शिकत असेल? विधी वेगळा, मनात वेगळं, आणि सत्ता राखायची तर दोन्ही चालतं, हे तो शिकला असणार असं मला वाटतं. आणि १५९१ मध्ये, स्वतः ड्यूक झाल्यावर, त्यानंच हाल्बरश्टाटच्या कॅथेड्रलमध्ये लूथरन उपासना सुरू केली. काही कॅनन कॅथलिकच राहिले, त्यांना हाकललं नाही, एकाच कॅथेड्रलमध्ये दोन्ही पंथ नांदले. हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं, त्या शतकात असं फार थोड्या ठिकाणी झालं.

त्याच्या लहानपणातली अजून एक गोष्ट. त्याच्या बापाच्या दरबारात काही किमयागार येऊन राहिले होते, फिलिप झ्योमेरिंग हा पुढारी, आणि त्यांच्यात आना झीग्लेरिन नावाची एक बाई. सोनं करून देतो, परीस बनवतो, खाणींचं उत्पन्न वाढवून देतो, अशी आश्वासनं. ड्यूकनं पैसा ओतला. सोनं काही झालं नाही. मग फसवणूक, विषप्रयोग, जादू असे आरोप, छळ, कबुलीजबाब, आणि फेब्रुवारी १५७५ मध्ये वोल्फेनब्युटेलमध्ये सगळ्यांना देहदंड. आना झीग्लेरिनला लोखंडी खुर्चीत बसवून जाळलं. हाइनरिश युलियुस तेव्हा दहा वर्षांचा. त्यानं ते डोळ्यांनी पाहिलं की नाही ते सोडा, पण एवढ्याशा राजधानीत, बापाच्याच दरबारातली माणसं, ती गोष्ट त्याच्या कानावर न पडणं शक्यच नाही.

३ मे १५८९ ला युलियुस वारला आणि पंचविशीच्या आतला हाइनरिश युलियुस ड्यूक झाला. आणि गंमत बघा, बापाच्या शोकसभेत विद्यापीठात एक भाषण कुणी केलं, तर जोर्दानो ब्रुनोनं. तोच ब्रुनो, विश्व अनंत आहे, तारे म्हणजे दुसरे सूर्य आहेत म्हणणारा. इटलीतून पळाला, जिनिव्हात जमलं नाही, पॅरिस, लंडन, विटेनबर्ग, प्राग करत करत हेल्मश्टेटला येऊन टेकला होता. नव्या ड्यूकनं त्याला पैसे दिले. तिथल्या लूथरन पाद्रीनं ब्रुनोला बहिष्कृत केलं, म्हणजे कॅथलिकांनी हाकललेल्याला लूथरनांनीही हाकललं, आणि १५९० मध्ये तो पुढे फ्रँकफुर्टला गेला. पण तिथे १५९१ मध्ये छापलेले आपले मोठे लॅटिन काव्यग्रंथ त्यानं कुणाला अर्पण केले तर याच ड्यूक-बिशपला. १७ फेब्रुवारी १६०० ला रोममध्ये ब्रुनोला जिवंत जाळलं. ज्याला रोमनं जाळलं त्याला वोल्फेनब्युटेलनं आधार दिला होता, असं म्हणून इथले लोक अभिमानानं सांगतात, आणि ते खरंही आहे. फक्त त्याच दशकात वोल्फेनब्युटेलच्या वेशीबाहेर काय जळत होतं तेही सांगायला हवं.

त्याआधी नाटकांबद्दल सांगते कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पहिली बायको डोरोथेआ, सॅक्सनीच्या इलेक्टरची, म्हणजे सम्राट निवडायचा हक्क असलेल्या राजाची मुलगी, १५८७ मध्ये बाळंतपणात गेली. मग १५९० मध्ये डेन्मार्कच्या राजकन्येशी, एलिझाबेथशी लग्न, क्रोनबोर्गच्या किल्ल्यात. तिची बहीण आना म्हणजे स्कॉटलंडच्या सहाव्या जेम्सची नवीनच झालेली राणी, त्यामुळे जेम्स याचा साडू. डेन्मार्कच्या दरबारात इंग्लिश नटमंडळी आधीपासून यायची, आणि १५९० नंतर ती वोल्फेनब्युटेललाही यायला लागली. टॉमस सॅकव्हिल नावाचा नट आपली मंडळी घेऊन इथे राहिला, विदूषकाच्या कामात तो इतका गाजला की त्याच्या पात्राच्या नावानंच, यान बूसेट म्हणून, लोक त्याला ओळखायचे. नंतर त्यानं नाटक सोडून कापडाचा व्यापार केला आणि चांगला पैसा कमावला, हा एक वेगळाच लेख होईल.

आणि ड्यूक स्वतः लिहायला बसला. १५९३-९४ या दोन वर्षांत एकामागून एक नाटकं छापून आली, तीही जर्मन गद्यात, जेव्हा बाकीचे पद्यात लिहीत होते. लेखकाच्या जागी त्याचं सरळ नाव नाही, 'हिबेल्डेहा' असं काहीतरी छापलेलं, ते म्हणजे त्याच्या लॅटिन पदव्यांची आद्याक्षरं, त्यात ड्यूकही आला आणि हाल्बरश्टाटचा बिशपही आला. 'विन्सेन्टियुस लाडिस्लाउस' हे त्यातलं सगळ्यात मजेशीर, एक बढाईखोर सरदार दरबारात येतो आणि थापांवर थापा मारतो. किल्ल्याचं दार धाडकन पडलं आणि माझा घोडा मधोमध कापला गेला, असली थाप त्यात आहे, जी पुढे दीडदोनशे वर्षांनी म्युन्चहाउझेन या थापाड्या सरदाराच्या गोष्टींत सापडते. शेवटी विदूषक त्याचं सोंग उघडं पाडतो आणि स्वारी पाण्याच्या टबात पडते.

पण मला जे नाटक छळतं ते 'सुझाना', १५९३ चं. गोष्ट बायबलमधली, त्या काळी सगळ्यांना माहीत असलेली. सुझाना नावाची सज्जन बाई बागेत अंघोळ करत असते. दोन म्हातारे न्यायाधीश, हो न्यायाधीश, तिच्यावर नजर ठेवून असतात. ते म्हणतात आमचं ऐक, नाहीतर आम्ही सांगू की तू इथे एका तरुणाबरोबर होतीस. ती नाही म्हणते. दुसऱ्या दिवशी ते दोघे साक्ष देतात, आणि साक्षीदार प्रतिष्ठित, दोघांचं म्हणणं जुळतं, म्हणून तिला मृत्युदंड होतो. तिला घेऊन जात असतात तेवढ्यात दानियल नावाचा कोवळा पोरगा ओरडतो, थांबा, तुम्ही नीट चौकशीच केली नाही. तो दोघांना वेगवेगळं करतो आणि दोघांना एकच प्रश्न विचारतो, कुठल्या झाडाखाली पाहिलंत? लूथरच्या बायबलात एक म्हणतो लिंडेनखाली, दुसरा म्हणतो ओकखाली. संपलं. खोटं उघडं पडतं, बाई वाचते.

ड्यूकनं ही गोष्ट ऐसपैस नाटकात मांडली. मधेमधे शेतकरी येतात, आपापल्या बोलीत बोलतात, विदूषक आहे, सगळं आहे. पण गाभा तोच, की खुर्चीवर बसलेली माणसं खोटं बोलू शकतात, जुळणारी साक्ष म्हणजे खरी साक्ष नव्हे, आणि एका निरपराध बाईचा जीव वाचवायला एक नीट विचारलेला प्रश्न पुरतो. हे कायद्याच्या माणसानं लिहिलेलं नाटक आहे, वाचताना कळतं. त्याला उलटतपासणी म्हणजे काय ते पक्कं समजलं होतं.

आणि याच वर्षांत, वोल्फेनब्युटेलच्या बाहेर, लेशेल्नहोल्त्स नावाच्या रानाजवळ, चेटकिणी म्हणून बायका जाळल्या जात होत्या. नंतरच्या एका बखरीत लिहिलंय की एकेका दिवशी दहा-दहा, बारा-बारा जणींना जाळायचे आणि जाळण्याचे खांब इतके होते की ती जागा छोट्या रानासारखी दिसायची. बखरकार वाढवून सांगतात, आकडा जसाच्या तसा धरायची गरज नाही. पण खटले झाले, चिता पेटल्या, आणि या ड्यूकचा त्यावर भर होता, याबद्दल वाद नाही.

ही यंत्रणा चालायची कशी ते समजून घेतलं की अंगावर काटा येतो, कारण ती बेकायदा झुंड नव्हती. हे सगळे जर्मन मुलूख ज्या पवित्र रोमन साम्राज्यात होते त्याचा १५३२ चा फौजदारी कायदा होता, त्यात जादूनं कुणाला इजा केली तर जाळून मारायची शिक्षा. पुरावा म्हणजे दोन साक्षीदार किंवा आरोपीची कबुली. चेटकाला साक्षीदार कुठून आणणार, मग उरली कबुली. आणि संशयाला थोडा आधार दिसला की कबुलीसाठी छळ करायला कायद्याची परवानगी. छळात पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: सैतानाच्या नाचाला तुझ्याबरोबर अजून कोण होतं? बाई नावं घ्यायची, शेजारीण, नणंद, जिच्याशी भांडण झालं ती, जिच्याशी भांडण नव्हतं तीसुद्धा, फक्त ते थांबावं म्हणून. मग त्या बायकांना आणायचे. त्यांच्या कबुल्या एकमेकींशी जुळायच्या, अर्थातच जुळणार, कारण प्रश्न तेच होते. आणि जुळल्या म्हणजे खऱ्या. अडलेल्या प्रकरणांचे कागद मत मागायला विद्यापीठाच्या कायदा विभागाकडे जायचे, म्हणजे हेल्मश्टेटला, बापानं उघडलेल्या आणि हा स्वतः बाराव्या वर्षी रेक्टर झालेल्या विद्यापीठात. त्याच दशकात त्यानं तिथे युलेउम नावाची देखणी इमारत बांधून दिली, आजही उभी आहे, बघितली की नजर हटत नाही.

म्हणजे सुझानाच्या गोष्टीतला दानियल जो प्रश्न विचारतो, दोघांना वेगळं करून, तो प्रश्न या बायकांसाठी कुणी विचारला नाही. आणि ज्याला तो प्रश्न सगळ्यात चांगला माहीत होता, ज्यानं तो स्टेजवर आणला, त्याच्याच नावानं हे निकाल लागत होते. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि मी ते कुणाशीही वाद घालून मांडायला तयार आहे, की त्याला कळत नव्हतं असं नाही. त्याला कळत होतं. फक्त सुझाना ही बायबलातली, श्रीमंत घरची, देखणी, सज्जन बाई होती, आणि लेशेल्नहोल्त्सला नेलेल्या बायका बऱ्याचदा गावातल्या म्हाताऱ्या, विधवा, झाडपाला देणाऱ्या. त्यांच्यात त्याला सुझाना दिसली नाही.

'तो काळच तसा होता' हे उत्तर मला इथे प्रत्येक वेळी ऐकायला मिळतं. मला ते पटत नाही. १५६३ मध्ये, म्हणजे हा जन्मायच्या एक वर्ष आधी, योहान वायर नावाच्या डॉक्टरचं पुस्तक आलं होतं. हा क्लेव्हच्या ड्यूकचा राजवैद्य. त्यानं सरळ लिहिलं की या बायका बहुतेक म्हाताऱ्या, आजारी, भ्रमात असलेल्या असतात, त्यांना वैद्याची गरज आहे, चितेची नाही, आणि छळातून आलेल्या कबुलीला अर्थ नाही. पुस्तक परत परत छापलं गेलं, जर्मनमध्येही आलं, सगळ्या शिकलेल्या लोकांत त्यावर वाद झाले. म्हणजे दुसरी बाजू त्याच काळात, त्याच भाषेत, आणि एका ड्यूकच्या आश्रयानं उपलब्ध होती. या ड्यूकनं ती निवडली नाही. ज्यूंच्या बाबतीतही तेच. बापानं त्यांना मुलखात राहायची परवानगी दिली होती, यानं १५९१ मध्ये त्यांना हाकलून लावलं.

आता नाण्यांबद्दल सांगते, कारण मला ती प्रत्यक्ष बघायला मिळाली, काचेमागे का होईना. हार्त्सची चांदी घरचीच, त्यामुळे तालेर, म्हणजे चांदीची मोठी नाणी, पाडायला कमी नव्हतं. मुलखातल्या बड्या सरदार घराण्यांशी, झाल्डर्न, श्टाइनबेर्ग वगैरे, याचं जोरात भांडण लागलं, हक्कांवरून आणि जमिनींवरून, आणि यानं ते भांडण चक्क नाण्यांवर छापलं. १५९५ मध्ये बंडखोर तालेर, कृतघ्नाच्या घरातून संकट हटत नाही अशा अर्थाच्या आद्याक्षरांचा. मग खोटेपणाचा तालेर, त्यावर सिंहानं रानबोकडाला पकडलंय, कारण श्टाइनबेर्गांच्या चिन्हात रानबोकड. १५९९ मध्ये गांधीलमाश्यांचा तालेर, मधे सिंह बसलेला आणि भोवती दहा माश्या घोंगावतायत, वर गरुड आणि सूर्य. म्हणजे बाजारात भाजी घ्यायला गेलेल्या माणसाच्या हातातसुद्धा राजाचं भांडण.

यातलं सत्याचं तालेर मी बराच वेळ बघत उभी राहिले. १५९७ च्या सुमाराचं. मधोमध सत्य उभं आहे, सत्य म्हणजे एक विवस्त्र बाई, आणि तिच्या पायाखाली आडवं पडलेलं खोटं. भोवती लॅटिनमध्ये, सत्य सगळ्याला जिंकतं, आणि खाली चुगली, असत्य असे शब्द. बोटाच्या पेरांएवढी ती बाई, पोट, मांड्या, केस, सगळं बारीक कोरलेलं. त्या काळच्या खटल्यांत सैतानाची खूण शोधायची म्हणून बायकांना विवस्त्र करायचे, केस भादरायचे, सुया टोचायचे. त्याच मुलखात, त्याच वर्षांत. त्याच्यावर सरदारांनी खोटे आरोप केले तर त्याला इतकं लागलं की त्यानं चांदीत कोरून ठेवलं. खोटा आरोप माणसाला काय करतो हे त्याला स्वतःच्या अंगावर कळलं होतं, आणि तरीही.

बाकी वैभव काय वर्णावं. ग्र्योनिंगनच्या वाड्यात त्यानं दाविद बेककडून ५९ स्टॉपचा, म्हणजे वेगवेगळ्या नादाच्या ५९ नळ्यांच्या संचांचा, ऑर्गन बनवून घेतला आणि ऑगस्ट १५९६ मध्ये तो तपासायला ५३ ऑर्गनवादक बोलावले, एकेकानं वाजवून बघायचं, त्यात हान्स लेओ हासलर होता, मिशाएल प्रेटोरियस होता. जर्मनीतले जवळजवळ सगळे मोठे वादक एका छपराखाली. हे वाचलं की मला खरंच वाटतं आपण तिथे असायला हवं होतं. त्या ऑर्गनचा कोरीव दर्शनी भाग आज हाल्बरश्टाटच्या मार्टिनी चर्चमध्ये आहे. त्याच वाड्यात मिशाएल वेर्नर नावाच्या कारागिराकडून १५९३ ते ९८ मध्ये वाइनचं लाकडी पिंप करवून घेतलं, सव्वा लाख लिटरपेक्षा जास्त मावेल असं, तेही आता हाल्बरश्टाटजवळ श्पीगेल्सबेर्गेच्या शिकारवाड्यात आहे, त्याच्यासमोर उभं राहिलं की माणूस मुंगीएवढा. प्रेटोरियस १६०४ पासून इथला मुख्य संगीतकार, त्यानंच पुढे हाल्बरश्टाट कॅथेड्रलच्या १३६१ च्या जुन्या ऑर्गनचं वर्णन लिहून ठेवलं, नाहीतर तो कसा होता ते आज कुणाला कळलं नसतं. पैसा मात्र या सगळ्यात पाण्यासारखा गेला. बाप भरलेली तिजोरी सोडून गेला होता, यानं कर्ज सोडलं.

आणि ब्राउनश्वाइग. हे शहर नावाला ड्यूकचं, पण व्यापाऱ्यांचं, हान्सा या व्यापारी शहरांच्या संघातलं, स्वतःच्या तटबंदीत स्वतःचा कारभार करणारं, ड्यूकला आत घ्यायलाच तयार नाही. म्हणून तर राजधानी वोल्फेनब्युटेलला. शहराच्या आतही भांडण होतंच, बडी घराणी एकीकडे आणि सामान्य नागरिक एकीकडे. नागरिकांचा पुढारी हेनिंग ब्राबांट, वकील. १६०४ मध्ये बड्या लोकांनी त्याला पकडलं, आरोप काय, तर शहर ड्यूकच्या घशात घालायचा कट, आणि त्याला जोडून सैतानाशी करार. छळ केला, कबुली काढली, आणि सप्टेंबरात हागेनमार्क्टवर त्याला इतक्या क्रूरपणे मारलं की मी ते तपशील इथे लिहिणार नाही. मी त्या चौकातून नेहमी जाते, ट्रॅम तिथूनच जाते. ड्यूकच्या कोर्टात म्हाताऱ्या बायकांवर चाललेली तीच पद्धत शहरानं ड्यूकचा माणूस ठरवलेल्या या वकिलावर चालवली, प्रश्न तेच, दोर तेच, सैतान तोच. एकदा हे हत्यार तयार झालं की ते कुणाच्या हातात जाईल याचा नेम नसतो.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १६०५ मध्ये, ड्यूकनं शहरावर हल्ला केला. मालाच्या गाड्यांत सैनिक लपवून वेशीतून आत घुसवले, नागरिकांनी रस्त्यारस्त्यांत लढून परतवले. मग वेढा, आणि वेढ्यानं भागेना म्हणून ओकर नदीला बांध घातला, पाणी शहरात चढलं, तळघरं बुडाली. तरी शहर पडलं नाही. सम्राटाकडे तक्रारी, उलट तक्रारी, आणि १६०७ पासून हा स्वतःच प्रागला सम्राट रुडॉल्फकडे जाऊन बसला.

प्रागमधला हाइनरिश युलियुस हा परत वेगळाच माणूस वाटतो. रुडॉल्फ म्हणजे किमया, ज्योतिष, चित्रं यात रमलेला, कुणाला न भेटणारा सम्राट, आणि त्याचा भाऊ माथियास त्याचं एकेक राज्य काढून घेत चाललेला. या दोन कॅथलिक भावांमध्ये समेट घडवणारा कोण, तर हा लूथरन ड्यूक. सम्राटाच्या अगदी आतल्या सल्लागारांत तो पोचला, दोन्ही बाजूंनी त्याच्यावर विश्वास टाकला. दोन पंथांत पाय ठेवून उभं राहायचं शिक्षण त्याला चौदाव्या वर्षीच मिळालं होतं, ते इथे कामी आलं असं मला वाटतं. अशी माणसं अजून चार-दोन असती तर पुढचं तीस वर्षांचं युद्ध टळलं असतं का, हा विचार मनात येतोच. पण २० जुलै १६१३ ला तो प्रागमध्येच वारला, वय ४८. शव वोल्फेनब्युटेलला आणलं, चर्च तेव्हा अर्धवटच बांधून झालं होतं.

त्याचा मुलगा क्रिस्टियान १६१६ मध्ये हाल्बरश्टाटचा कारभारी झाला, वय सोळा-सतरा, पुन्हा तीच पद्धत. त्याला इतिहासात 'वेडा हाल्बरश्टाटवाला' म्हणतात. युद्धात एक हात गमावला, आणि १६२२ मध्ये पाडरबोर्नच्या कॅथेड्रलमधली संत लिबोरियसची चांदीची पेटी वितळवून त्यानं तालेर पाडले, त्यांवर छापलं, देवाचा मित्र, पाद्र्यांचा शत्रू. बापासारखंच, भांडण नाण्यावर. १६२६ मध्ये तो गेला आणि १६४८ च्या तहात हाल्बरश्टाटची बिशपगिरीच संपली, मुलूख ब्रांडेनबुर्गच्या पदरात पडला.

चेटकिणींचे खटले मात्र ड्यूकबरोबर संपले नाहीत. ड्यूकला जाऊन पन्नास वर्षं झाली होती तेव्हा याच ब्राउनश्वाइगमध्ये आना रोलेफ्स नावाच्या विधवेला पकडलं, लोक तिला टेम्पेल आनेके म्हणायचे, जवळच्या हार्क्सब्युटेल गावची. हरवलेल्या वस्तू कुठे असतील ते सांगायची, मेंढ्यांच्या रोगावर औषध द्यायची. तिच्या खटल्याचे कागद शिल्लक आहेत, प्रश्न आणि उत्तरं दोन्ही. सुरुवातीची तिची उत्तरं वाचली तर कळतं की बाई चांगली धीट होती, अमुक औषध कसं केलं, कुणाला दिलं, गुण आला की नाही, सगळं नीट सांगते, सैतानाचं नाव काढत नाही. छळानंतरच्या कागदांत सैतान येतो. ३० डिसेंबर १६६३ ला तिचं डोकं उडवून शव जाळलं. 'सुझाना' छापून तेव्हा सत्तर वर्षं झाली होती.